क्रांतिकारक प्रीतिलता वड्डेदार आणि बंगालमधील छात्री संघ

भारतीय स्वातंत्र्यलढ्यात सशस्त्र हल्ल्याचे नेतृत्व करताना प्राणार्पण करणाऱ्या महिलांमध्ये प्रीतिलता वड्डेदार यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. २४ सप्टेंबर १९३२ च्या रात्री चितगावनजीक पहाडतळी येथील युरोपियन क्लबवर त्यांच्या नेतृत्वाखाली झालेला हल्ला सर्वश्रुत आहे. त्याआधी काही महिन्यांपर्यंत त्या कलकत्त्याच्या बेथून महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थिनी होत्या, ही बाब मात्र अनेकदा ओझरत्या उल्लेखाने मागे पडते. मुलींच्या महाविद्यालयांतून त्या काळी उभी राहिलेली मंडळे, त्यांची अभ्यासवर्तुळे, वाचनालये आणि लाठीकाठीचे वर्ग वगळून त्यांचे चरित्र सांगता येत नाही.

प्रीतिलता यांचा जन्म ५ मे १९११ रोजी चितगाव जिल्ह्यातील धलघाट या गावी झाला. वडील जगबंधू वड्डेदार हे चितगाव नगरपालिकेत मुख्य लिपिक होते. आई प्रतिभामयी देवी गृहिणी होत्या. सहा भावंडांच्या या मध्यमवर्गीय कुटुंबात शिक्षणाला मान होता. पैसा मात्र बेताचाच होता. घरी प्रीतिलता यांना राणी या लाडक्या नावाने हाक मारीत. चितगावच्या डॉ. खास्तगीर शासकीय कन्याशाळेत शिकत असताना उषादीदी या नावाने विद्यार्थिनींना प्रिय असलेल्या शिक्षिकेकडून त्यांना झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची कथा ऐकावयास मिळाली. तांबे घराण्यात जन्मलेल्या आणि नेवाळकरांच्या घरी दिलेल्या या मराठी स्त्रीची कथा बंगालच्या पूर्व टोकावरील एका शाळेत मुलींच्या मनात घर करून राहिली होती.

याच शाळेत प्रीतिलता यांचा परिचय कल्पना दत्त यांच्याशी झाला. दोघी बॅडमिंटन खेळत आणि मनातील विचार एकमेकींना सांगत. शाळेत गर्ल गाइडचे पथक होते. पथकात प्रवेश करताना परमेश्वर आणि ब्रिटिश सम्राट यांच्याशी निष्ठा राखण्याची शपथ घ्यावी लागे. सम्राटाच्या जागी आपल्या देशाचे नाव का असू नये, असा प्रश्न या मुलींना पडत असे. कल्पना दत्त यांनी पुढे आपल्या आठवणींत या प्रसंगाची नोंद केली आहे. कवायत, शिस्त, गाठी बांधण्याचे आणि प्रथमोपचाराचे शिक्षण त्यांना हवे होते. त्यासोबत येणारी शपथ तेवढी नको होती. पुढील काही वर्षांत बंगालमधील मुलींनी स्वतःची जी मंडळे उभारली त्यांचे बीज अशा प्रश्नांतच होते, असे म्हणावयास हरकत नाही.

मॅट्रिकची परीक्षा दिल्यानंतरच्या सुटीत प्रीतिलता यांनी एक नाटक लिहिले आणि लाकडी चौक्या एकमेकींना जोडून तयार केलेल्या रंगमंचावर मैत्रिणींच्या साहाय्याने ते सादर केले. १९२८ मध्ये त्या प्रथम श्रेणीत मॅट्रिक उत्तीर्ण झाल्या आणि इंटरमीडिएटच्या शिक्षणासाठी ढाक्याच्या ईडन महाविद्यालयात दाखल झाल्या. त्या महाविद्यालयात इंटरमीडिएटचे वर्ग १९२६ मध्येच सुरू झाले होते. घरापासून दूर, वसतिगृहात राहण्याचा प्रीतिलता यांचा हा पहिलाच अनुभव होता.

त्या काळी ढाक्यात लीला नाग यांच्या कार्याचा मोठा बोलबाला होता. लीला नाग या बेथून महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थिनी. १९२१ मध्ये तेथून पदवी घेतल्यावर त्यांनी नव्याने स्थापन झालेल्या ढाका विद्यापीठात प्रवेश मिळविला. मुलींना प्रवेश देण्यास तेथे अनुकूलता नव्हती. विशेष परवानगी मिळवून त्यांनी १९२३ मध्ये इंग्रजी विषयात एम. ए. पदवी संपादन केली. त्याच वर्षी बारा मैत्रिणींना सोबत घेऊन त्यांनी दीपाली संघाची स्थापना केली. मुलींसाठी शाळा चालविणे, प्रौढ स्त्रियांना साक्षर करणे आणि हस्तकलेची प्रदर्शने भरविणे ही संघाची दर्शनी कामे होती. फेब्रुवारी १९२६ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर ढाक्यास आले असता दीपाली संघाच्या वतीने त्यांचा सत्कार करण्यात आला. त्याच वर्षी विद्यार्थिनींसाठी दीपाली छात्री संघ ही शाखा सुरू झाली. तिच्यातर्फे मुलींना लाठी आणि सुरा चालविण्याचे शिक्षण दिले जाई. पडद्याची चाल अद्याप प्रबळ असलेल्या शहरात मुलींनी पदर खोचून अंगणात लाठी फिरविणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

ईडन महाविद्यालयात आलेल्या प्रीतिलता यांना या संघाच्या सदस्यत्वाचा अर्ज देण्यात आला. तो भरण्यापूर्वी त्यांनी सुटीत चितगावला येऊन आपले नातलग पूर्णेंदू दस्तिदार यांचा सल्ला घेतला. दस्तिदार हे सूर्य सेन यांच्या क्रांतिकारी गटात होते. शिक्षकी पेशामुळे मास्टरदा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूर्य सेन यांच्या गटात स्त्रियांना प्रवेश नव्हता. इतकेच नव्हे, तर आई आणि बहीण यांच्याखेरीज अन्य स्त्रियांशी सदस्यांनी संपर्क ठेवू नये असा दंडकच होता. दस्तिदार यांनी दीपाली संघाचा तो अर्ज मास्टरदांना दाखविला आणि प्रीतिलता यांची इच्छा त्यांच्या कानी घातली. गटातील अन्य कोणालाही कळू न देता त्यांना सदस्य करून घेण्यास मास्टरदांनी संमती दिली. एका महिला मंडळाचा छापील अर्ज अशा रीतीने चितगावच्या क्रांतिकारकांपर्यंत पोहोचला आणि पुरुषांनी स्वतःसाठी घालून घेतलेला नियम तेथे प्रथम शिथिल झाला.

बाह्यतः प्रीतिलता यांचे जीवन अभ्यासू विद्यार्थिनीचेच होते. १९३० च्या इंटरमीडिएट परीक्षेत त्या ढाका बोर्डात मुलींमध्ये प्रथम आणि एकूण गुणवत्ता यादीत पाचव्या आल्या. त्यांना दरमहा २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. परीक्षा आटोपून त्या घरी परतल्या, त्याच सुमारास, १८ एप्रिल १९३० च्या रात्री, सूर्य सेन यांच्या गटाने चितगावच्या शस्त्रागारांवर हल्ला केला. ज्या गटात प्रवेश मिळावा म्हणून त्यांची धडपड चालली होती, त्याच्या सर्वांत मोठ्या कामगिरीत त्यांना स्थान नव्हते.

पदवीच्या शिक्षणासाठी त्यांनी कलकत्त्याचे बेथून महाविद्यालय निवडले. ड्रिंकवॉटर बेथून यांनी १८४९ मध्ये सुरू केलेल्या कन्याशाळेतून या संस्थेचा उगम झाला. ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी तिचे सचिवपद सांभाळले होते. १८७९ मध्ये तेथे कादंबिनी बसू या एकमेव विद्यार्थिनीसाठी महाविद्यालयीन वर्ग सुरू झाला. कॉर्नवॉलिस स्ट्रीटवर, हेदुआ तलावासमोर उभी असलेली ही सरकारी संस्था आशियातील सर्वांत जुन्या महिला महाविद्यालयांमध्ये गणली जाते. सुसंस्कृत गृहिणी आणि शिक्षिका घडविणे ही तिच्या चालकांची अपेक्षा होती.

विद्यार्थिनींनी या अपेक्षेला पहिला मोठा धक्का दिला तो १९२८ मध्ये. सायमन कमिशनच्या निषेधार्थ फेब्रुवारीमध्ये पुकारलेल्या हरताळात बेथूनच्या विद्यार्थिनी सहभागी झाल्या. महाविद्यालयाच्या प्रशासनाने माफीची मागणी केली. विद्यार्थिनींनी ती मागण्यास नकार दिला. त्याच वर्षी छात्री संघ या नावाने कलकत्त्यातील विद्यार्थिनींची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. सुरमा मित्र तिच्या अध्यक्ष होत्या, तर कल्याणी दास सचिव. कल्याणी आणि त्यांच्या भगिनी बीना या सुभाषचंद्र बोस यांचे शिक्षक बेणीमाधव दास यांच्या कन्या होत. त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्त्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले. लतिका घोष यांच्या नेतृत्वाखालील महिला स्वयंसेविकांच्या पथकात बेथून आणि व्हिक्टोरिया या संस्थांतील विद्यार्थिनींचा भरणा होता. गणवेशातील हे पथक रस्त्यावरून संचलन करीत गेले, तेव्हा पाहणाऱ्यांना ते दृश्य सर्वस्वी नवे होते.

छात्री संघाच्या कामाचे स्वरूप वरवर पाहता कोणत्याही विद्यार्थी मंडळासारखेच होते. अभ्यासवर्तुळे भरत आणि त्यांत देशोदेशीच्या स्वातंत्र्यलढ्यांवर चर्चा होई. वाचनालय होते, सहकारी भांडार होते. मुलींना पोहणे, सायकल चालविणे आणि लाठीकाठी शिकविली जाई. दिनेश मजुमदार हे मुलींना लाठी शिकवीत. याच मजुमदारांनी ऑगस्ट १९३० मध्ये कलकत्त्याचे पोलीस आयुक्त चार्ल्स टेगार्ट यांच्यावर बॉम्ब टाकण्याच्या प्रयत्नात भाग घेतला; १९३४ मध्ये त्यांना फाशी देण्यात आली. वर्गात अनुपस्थित राहून लाठीच्या तालमीस जाणाऱ्या मुली, वसतिगृहात उशिरा परतल्यावर अधीक्षिकेला द्यावयाची उत्तरे, एकीने आणलेले जप्त पुस्तक रातोरात वाचून दुसरीकडे सोपविणे, या सर्व बाबी त्या काळातील वसतिगृह-जीवनाचा भाग होऊन गेल्या होत्या.

संघाच्या सर्वच सदस्या क्रांतिकारक नव्हत्या, हे येथे नमूद केले पाहिजे. अनेकींनी १९३० च्या सविनय कायदेभंगात निदर्शने करण्यापर्यंतच आपली मर्यादा ठेवली, तर कित्येकींना केवळ पोहणे आणि सायकल शिकण्यातच रस होता. तथापि ज्यांना पुढे जावयाचे होते त्यांना परस्परांची ओळख पटविण्यासाठी अन्य जागा उपलब्ध नव्हती. मुलांना आखाडे होते, चहाची दुकाने होती, रात्री-अपरात्री भटकण्याची मुभा होती. मुलींजवळ वसतिगृह आणि मंडळ, एवढेच होते. कमला दासगुप्ता एका महिला वसतिगृहाच्या व्यवस्थापक म्हणून काम पाहत आणि तेथील कोठारात बॉम्ब दडवून ठेवीत. या एका उदाहरणावरून त्या जागेचे महत्त्व ध्यानात यावे.

कल्पना दत्त या १९२९ मध्येच विज्ञान शाखेच्या विद्यार्थिनी म्हणून बेथूनमध्ये आल्या होत्या आणि छात्री संघात सामील झाल्या होत्या. प्रीतिलता आल्यावर शाळेतील जोडी पुन्हा एकत्र आली. प्रीतिलता यांचा स्वभाव अबोल होता. भाषणे करण्यापेक्षा वाचनात त्या अधिक रमत. त्यांना बासरी वाजविता येत असे. बनारसी घोष स्ट्रीटवरील वसतिगृहाच्या गच्चीवर बसून त्या बासरी वाजवीत आणि मैत्रिणी भोवती बसून ऐकत. तत्त्वज्ञान हा त्यांचा आवडीचा विषय होता. त्यात ऑनर्स घ्यावे अशी त्यांची इच्छा होती. मंडळाच्या आणि गुप्त कामाच्या धावपळीत ते जमले नाही.

१९३० च्या पूजेच्या सुटीतील एक प्रसंग कल्पना दत्त यांनी लिहून ठेवला आहे. मेजवानीसाठी बकरा कापण्याची वेळ आली असता प्रीतिलता यांचा हात धजावला नाही. अशाने देश कसा स्वतंत्र करणार, अहिंसेच्या मार्गाने काय, अशी थट्टा सोबतच्या मंडळींनी केली. देशासाठी प्राण देण्याची आणि घेण्याचीही आपली तयारी आहे, परंतु केवळ जिभेच्या चोचल्यासाठी एका मुक्या प्राण्याचा जीव घेणे आपल्याला जमणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. त्यांच्या पुढील कृतीचे मूल्यमापन करताना हा प्रसंग विसरून चालणार नाही.

डिसेंबर १९३० मध्ये चितगावच्या गटातील रामकृष्ण विश्वास आणि कालीपद चक्रवर्ती यांनी चांदपूर रेल्वे स्थानकावर पोलीस महानिरीक्षक क्रेग यांना मारण्याचा प्रयत्न केला. प्रत्यक्षात तारिणी मुखर्जी हे पोलीस निरीक्षक त्यात मृत्युमुखी पडले. विश्वास यांना फाशीची शिक्षा सुनावून कलकत्त्याच्या अलीपूर तुरुंगात ठेवण्यात आले. त्यांच्या नातलगांना चितगावहून इतक्या लांब येणे परवडण्यासारखे नव्हते. प्रीतिलता यांनी अमिता दास हे नाव धारण केले, आपण त्यांच्या नात्यातील बहीण असल्याचे सांगितले आणि भेटीची परवानगी मिळविली. पुढील काही महिन्यांत त्या सुमारे ४० वेळा तुरुंगात जाऊन त्यांना भेटल्या. महाविद्यालयातील तास, वसतिगृहाची हजेरी आणि मृत्यूच्या छायेतील कैद्याची भेट हा त्यांचा नित्यक्रम झाला होता. ४ ऑगस्ट १९३१ रोजी रामकृष्ण विश्वास यांना फाशी देण्यात आली. त्यानंतर पुस्तकात मन रमणे कठीण होते. तरीही प्रीतिलता यांनी शिक्षण अर्धवट सोडले नाही.

दरम्यान, छात्री संघाचे नाव बंगालच्या अन्य शहरांतही पोहोचले होते. कोमिल्ला येथे शाळकरी मुलींनी स्थापन केलेल्या छात्री संघातील शांती घोष आणि सुनीती चौधरी यांनी १४ डिसेंबर १९३१ रोजी जिल्हाधिकारी स्टीव्हन्स यांच्यावर गोळ्या झाडल्या. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बीना दास यांनी राज्यपाल स्टॅन्ली जॅक्सन यांच्यावर पिस्तूल रोखले. ते पिस्तूल कमला दासगुप्ता यांनी पुरविले होते. जॅक्सन बचावले, बीना दास यांना नऊ वर्षांच्या सश्रम कारावासाची शिक्षा झाली. मुलींच्या मंडळांकडे कौतुकमिश्रित दुर्लक्ष करणाऱ्या सरकारी यंत्रणेची दृष्टी त्यानंतर पालटली.

याच वर्षी प्रीतिलता यांनी बी. ए. ची परीक्षा दिली आणि विशेष प्रावीण्यासह त्या उत्तीर्ण झाल्या. चितगावला परतल्या तेव्हा वडिलांची नोकरी गेलेली होती. कुटुंबाच्या निर्वाहासाठी त्यांनी नंदनकानन येथील अपर्णाचरण कन्याशाळेत मुख्याध्यापिकेचे पद स्वीकारले. दिवसा शाळा, सायंकाळी शिकवणी आणि घरखर्चाचा हिशेब असा क्रम सुरू झाला. घरात कमावती व्यक्ती त्या एकट्याच होत्या. पुढील निर्णयाचे मोल त्यावरून लक्षात येते.

जून १९३२ मध्ये त्यांची मास्टरदांशी भेट ठरली. ती त्यांच्या जन्मगावी, धलघाट येथे सावित्री देवी यांच्या घरी झाली. १३ जून रोजी कॅप्टन कॅमेरॉन यांच्या नेतृत्वाखालील तुकडीने त्या घराला वेढा घातला. चकमकीत कॅमेरॉन ठार झाले. क्रांतिकारकांपैकी निर्मल सेन आणि अपूर्व सेन यांना वीरमरण आले. सूर्य सेन आणि प्रीतिलता अंधाराचा फायदा घेऊन निसटले. पोलिसांचा संशय बळावताच जुलैमध्ये प्रीतिलता यांनी शाळा आणि घर सोडले आणि त्या भूमिगत झाल्या.

पहाडतळी येथील युरोपियन क्लबच्या दारावर भारतीयांना आणि कुत्र्यांना मज्जाव करणारा फलक होता, असे सांगितले जाते. या क्लबवरील हल्ल्याचे नेतृत्व स्त्रीकडे द्यावे असे मास्टरदांनी ठरविले. मोहिमेच्या एक आठवडा आधी, १७ सप्टेंबर रोजी, पुरुषवेशातील कल्पना दत्त यांना पहाडतळी भागात अटक झाली. २४ सप्टेंबरच्या रात्री प्रीतिलता पंजाबी पुरुषाच्या वेशात आपल्या सहकाऱ्यांसह क्लबवर चालून गेल्या. बॉम्ब आणि गोळीबाराच्या या हल्ल्यात सलिव्हन नावाच्या एका युरोपीय महिलेचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. क्लबमधूनही प्रत्युत्तरादाखल गोळीबार झाला. प्रीतिलता यांना लागलेली गोळी प्राणघातक नव्हती. सहकाऱ्यांना परत पाठवून त्यांनी जिवंत हाती लागू नये म्हणून सायनाइड घेतले. त्या वेळी त्यांचे वय २१ वर्षांचे होते. त्यांच्याजवळ पत्रके, एक शिटी आणि रामकृष्ण विश्वास यांचे छायाचित्र सापडले. मृत्यूपूर्वी लिहिलेल्या निवेदनात त्यांनी, स्वातंत्र्याच्या लढ्यात स्त्री आणि पुरुष असा भेद कशासाठी, असा प्रश्न उपस्थित केला होता. दीपाली संघाचा अर्ज हाती आल्यापासून या प्रश्नाने त्यांची पाठ सोडली नव्हती.

कुटुंबावर या घटनेचा फार मोठा आघात झाला. कल्पना दत्त यांच्या आठवणींनुसार वडिलांच्या मनाचा तोल ढळल्यासारखा झाला. आई मात्र आपल्या मुलीने देशासाठी प्राण दिले असे अभिमानाने सांगत. उपजीविकेसाठी त्यांनी सुइणीचे काम पत्करले.

कल्पना दत्त यांना चितगाव खटल्यात जन्मठेपेची शिक्षा झाली. १९३९ मध्ये सुटका झाल्यावर त्या साम्यवादी पक्षात गेल्या आणि १९४३ मध्ये पूरणचंद जोशी यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. बेथूनच्या दिवसांची आणि आपल्या मैत्रिणीची माहिती आज उपलब्ध आहे ती बव्हंशी त्यांच्या लेखनामुळेच. त्यांचे निधन १९९५ मध्ये झाले. आशुतोष गोवारीकर यांनी २०१० मध्ये चितगावच्या उठावावर काढलेल्या हिंदी चित्रपटात या दोघींच्या व्यक्तिरेखा आहेत.

ब्रिटिश प्रशासनाने प्रीतिलता आणि बीना दास या दोघींच्या पदव्या रोखून धरल्या होत्या. बीना दास यांचे १९८६ मध्ये निधन झाले, तोवरही ती त्रुटी दूर झाली नव्हती. अखेर मार्च २०१२ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने दोघींनाही मरणोत्तर पदवी प्रदान केली. प्रीतिलता यांनी परीक्षा उत्तीर्ण केल्याला तेव्हा ८० वर्षे झाली होती. चितगाव आता बांगलादेशात आहे. तेथील चितगाव विद्यापीठ आणि ढाक्यानजीकचे जहांगीरनगर विद्यापीठ या दोन्ही ठिकाणी मुलींच्या एकेका वसतिगृहाला प्रीतिलता यांचे नाव देण्यात आले आहे.